आईच्या नावाचा विमा

माझ्या बायकोचं नाव मी लग्नानंतर कित्येक वर्षं तोंडातून काढलं नव्हतं, आणि एवढ्याशा लाजेपायी तिच्या हृदयाचं ऑपरेशन अडून बसलं होतं, असं सांगितलं की आजची पोरं मला वेड्यात काढतात. काढू देत. आमच्या खानदेशात तेव्हा नवरा बायकोला ‘अगं’ म्हणायचा, ‘पोरीची माय’ म्हणायचा, नाहीतर दारात उभं राहून नुसता खाकरायचा, आणि तिला कळायचं. चारचौघांत बायकोचं नाव घेणारा माणूस म्हणजे अगदीच कामातून गेलेला. नाव घ्यायचं ते एकदाच, कपाळाला मुंडावळ्या बांधलेल्या असताना, तेही उखाण्यात लपवून. त्यानंतर विषय संपला.

आम्ही तेव्हा गुजरातला लागून असलेल्या सिल्वासात राहायचो. नव्वद साल उलटून गेलेलं. गावाभोवती कारखान्यांच्या शेडी उभ्या राहत होत्या आणि आमच्याकडचा जो तो दिवाळीला गावी जायचा तो परत येताना भावकीतला एखादा रिकामा गडी सोबत घेऊन यायचा. मी अथालच्या बाजूला एका धाग्याच्या कारखान्यात फिटर होतो. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून धागा काढायचा, धागा रिळांवर गुंडाळायचा, आणि मशीन बंद पडली की सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघायचं, असं आमचं काम. राहायला डोकमर्डीत एका चाळीत वरच्या मजल्यावर खोली. खोलीत मी, बायको, आमची लहान पोर आणि माझी आई.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत हापिसातले काका खुर्ची घेऊन शेडमध्ये आले. काका गुजराती, वयस्कर, आमच्या पगाराचं आणि रजांचं तेच बघायचे. त्यांनी जाहीर केलं की शेठनं सगळ्या कामगारांचा आजारपणाचा विमा काढायचं ठरवलंय. कामगार, त्याची बायको आणि दोन मुलं. यातलं कुणी दवाखान्यात भरती झालं तर खर्च विमा कंपनी देणार, अमुक एका रकमेपर्यंत.

खरं म्हणजे आम्ही खुश व्हायला हवं होतं. पण आम्ही भांडायला लागलो.

“आणि माय?” एकानं विचारलं.

“मा-बाप नहीं,” काका म्हणाले.

“वा. बायकोला काय धाड भरलीय? आजारी तर माय असते.”

सगळ्या शेडला ते पटलं. प्रत्येकाची आई काही ना काही धरून बसलेलीच होती. कुणाची कंबर, कुणाचा दमा, माझ्या आईचा खोकला. तरण्याताठ्या बायकांचा विमा काढून म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडायचं, हे कुठलं शहाणपण, असं म्हणत सगळे काकांच्या अंगावर गेले. काकांनी हात जोडले. नियम त्यांनी केले नव्हते.

मग दुसरा मुद्दा निघाला. वर्षभर कुणी आजारीच पडलं नाही तर शेठनं भरलेला हप्ता परत मिळतो का? मिळत नाही. म्हणजे बुडाला? काका म्हणाले, बुडाला कसा, तेवढं वर्ष तुम्ही बिनघोर राहिलात ना. हे मात्र आमच्या डोक्यात काही केल्या शिरेना. जिवाचा विमा काढला तर माणूस मेला तरी पैसे, जगला तरी पैसे. आणि इथे धडधाकट राहिलो तर हातात काय, तर बिनघोरपणा. नंदुरबारकडचा आमचा एक दोस्त तर इतका चिडला की पहिल्याच पावसाळ्यात ताप आल्यावर त्यानं ठरवलं, शेठचा हप्ता वसूल करायचा. दुपारी दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेतली आणि संध्याकाळी सायकलवर टांग मारून घरी आला. विमावाल्यांनी सांगितलं, भरती म्हणजे दिवस-रात्र दवाखान्यात काढावी लागते, नुसती सलाईन चालत नाही. तर हा पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी वळकटी घेऊन त्याच डॉक्टरांच्या दारात हजर. ताप उतरलेला, आणि म्हणतो, मला फक्त झोपू द्या. डॉक्टरांनी त्याला वळकटीसकट हाकललं. पुढे कित्येक दिवस कुणी कामावर पेंगलं की आम्ही म्हणायचो, भरती झालाय, विमा मिळेल.

पण ते नंतरचं. त्या दिवशी काका खुर्चीवर बसून एकेकाला बोलवत होते. “तारा बैरानुं नाम बोल,” म्हणजे तुझ्या बायकोचं नाव सांग. आणि आमची शेडच्या शेड लाजेनं लाल. जो तो पुढच्याला ढकलतोय. मशीनच्या पट्ट्यात हात घालायला न घाबरणारे गडी, पण घाम फुटला. शेवटी आम्हीच तोड काढली. याच्या बायकोचं नाव त्यानं सांगायचं, त्याच्या बायकोचं यानं. दुसऱ्याच्या बायकोचं नाव घ्यायला कुणाची हरकत नसते.

माझ्या बायकोचं नाव सांगायला माझा मेहुणा पुढे झाला. मेहुणा म्हणजे सख्खा नव्हे. तो बायकोच्या माहेरच्या गावचा, तिच्याच गल्लीत वाढलेला, माझ्याच शिफ्टमध्ये कामाला. मी त्याला मेहुणा म्हणायचो, तो मला दाजी म्हणायचा आणि तिला ताई. मी त्याला म्हटलं, तुझ्या बहिणीचं नाव तूच सांग बाबा, आणि सरळ पाण्याच्या माठाकडे निघून गेलो. दोन पेले पाणी प्यालो. परत आलो तेव्हा काम झालेलं होतं.

काही दिवसांनी काकांनी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. विम्यात कोण कोण आहे त्यांची नुसती नावं, नातं काही लिहिलेलं नाही. मी ती न वाचता डब्याच्या पिशवीत टाकली. घरी आईच्या हाताला लागली. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं शेजारच्या बाईंना दाखवली. बाई कोकणातल्या, सिल्वासाच्या शाळेत शिकवायच्या. त्यांनी मोठ्यानं वाचलं. माझं नाव, मग आईचं नाव, मग पोरीचं नाव.

मी कामावरून आलो तर आईनं खापरावरच्या पुरणपोळ्या केलेल्या. मी काही सणवार विसरलो असेन असं समजून मुकाट्यानं खाल्ल्या, आणि तिसरीही मागून घेतली. त्यानंतर दोन वर्षं आई चाळीत सांगत फिरायची, माझ्या पोरानं माझा विमा काढलाय, मला आता कशाची काळजी नाही. माझ्या कानावर एक-दोनदा आलं. मला वाटलं, म्हातारी शेजारणींवर भाव मारतेय. मारू दे, तिलाही तेवढीच मजा.

आता इथे सांगायला हवं की चिठ्ठीत आईचं नाव आलं कसं. माझ्या आईचं नाव आणि माझ्या बायकोचं माहेरचं नाव एकच. अक्षरन् अक्षर एक. लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांना याचं फार कौतुक वाटलं, पण एका घरात सासूसुनेचं एक नाव चालतं होय? सासूनं सुनेला रागावायचं तर स्वतःचंच नाव घेऊन? आणि मी उखाण्यात नाव घ्यायचं ते आईचं? म्हणून लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं मी दुसरं नाव लिहिलं, आत्यानं निवडलेलं. त्या दिवसापासून ती आमच्याकडे आणि सगळ्या कागदांवर त्याच नावाची झाली. मेहुण्याला हे काय ठाऊक. त्याच्या लेखी ती अजून गल्लीत लंगडी खेळणारी ताई. त्यानं काकांना तेच नाव सांगितलं.

आणि मग बायकोला धाप लागायला लागली.

आधी नळावरून हंडा आणताना. मग जिन्यात नुसती चढताना. मग नुसती बसलेली असताना. आडवी झाली की जीव गुदमरायचा, म्हणून भिंतीला टेकून बसूनच झोपायची. मी म्हणायचो, रक्त कमी असेल, गूळ-शेंगदाणे खा. गूळ-शेंगदाणे खाऊन झाले. सिल्वासातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि ती इतका वेळ इकडून तिकडे फिरवत राहिले की मीच घाबरून म्हटलं, डॉक्टर, ऐकू येत नाही का काही? ते म्हणाले, येतंय, जास्तच येतंय. त्यांनी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथे तपासण्या झाल्या. हृदयातली एक झडप आकसून गेलेली, रक्त पुढे जायला वाटच नाही. लहानपणी कधी तरी सांधे धरणारा ताप आला असेल, त्यानं होतं म्हणाले. ऑपरेशन करावं लागेल आणि लवकर करावं लागेल. आधी भरतीची रक्कम भरा.

ती रक्कम ऐकून मी खाली बसलो. पण मनात म्हटलं, विमा आहे. काका म्हणाले होते ना, बिनघोर. आणि आमच्या शेठचं मन मोठं. ते म्हणाले, भरतीचे पैसे कारखाना भरेल, नंतर बिलं दिली की विमा कंपनी आपल्याला देईल, फक्त त्यांच्या कचेरीला एकदा विचारून घेतो.

कचेरीनं उत्तर धाडलं की या नावाची बाई विम्यात नाहीच. या कामगाराची बायको म्हणून दुसरंच नाव आहे, आणि रेशनकार्ड बघितलं तर त्या नावाची बाई कामगाराची आई आहे.

काकांनी मला हापिसात बोलावलं. दार लावून घेतलं. खालच्या आवाजात म्हणाले, “माने बैरी लखावी, भाई?” आईला बायको म्हणून लिहवलंस, असं. मी असा भडकलो की टेबलावरचा चहाचा कप माझ्या हातून आपोआप उचलला गेला. फेकला नाही, एवढंच. काका बिचारे समजावत राहिले की मी समजू शकतो, सगळ्यांनाच आईचं घालायचं होतं, पण असं नसतं करायचं. आणि विमा कंपनीचा एक माणूस खात्री करायला घरी येणार आहे. तोवर शेठला पैसे भरता यायचे नाहीत.

मी शेडमध्ये जाऊन मेहुण्याची गचांडी धरली.

“काय नाव सांगितलंस तू?”

“दाजी, ताईचंच सांगितलं.”

“माझ्या आईचं सांगितलंस.”

“तुमच्या आईचं नाव मला काय माहीत? मी त्यांना मावशी म्हणतो.”

तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात उजेड पडला. मी त्याला सांगितलं. तो बघतच राहिला, आणि मग आम्ही दोघं हसायला लागलो. थांबेचना. तो रिळांच्या ढिगावर पडून हसतोय, मी मशीनला धरून हसतोय, बाकीचे जमा झाले, त्यांना कळलं, तेही हसायला लागले. सुपरवायझरला वाटलं गॅस गळाला. डोळ्यांतून पाणी काढून हसलो आणि हसता हसता मला आठवलं की ती या घटकेला भिंतीला टेकून श्वास मोजत बसली असेल. 

विमा कंपनीचे साहेब वापीहून स्कूटरवर आले. तरुण होते, कोकणाकडचे, स्वच्छ मराठी बोलणारे, प्रत्येक वाक्याआधी चष्मा पुसणारे. चाळीनं जय्यत तयारी केली होती. कुणी काय बोलायचं ते ठरलेलं. बाई साक्ष देणार, मेहुणा साक्ष देणार, खालच्या मजल्यावरचा वाणीसुद्धा धुतलेला सदरा घालून आला होता, त्याला काहीच माहीत नसताना. साहेबांना खुर्ची, पंखा, सरबत. बायको भिंतीला उशी लावून बसलेली, डोक्यावरून पदर, पोर मांडीशी. सगळ्यांना सगळं पढवलेलं होतं. फक्त आईला सांगायचं राहून गेलं, कारण ती सकाळपासून देवळात होती, सुनेसाठी कसला तरी नवस बोलायला.

साहेब विचारायला सुरुवात करतात न करतात तोच आई जिना चढून आली. साहेबांनी नमस्कार करून नाव विचारलं. तिनं सांगितलं. साहेबांचा चष्मा पुसून झाला.

“आजी, तुमचा आजारपणाचा विमा आहे का?”

“आहे ना,” आई म्हणाली, आणि अशी ऐसपैस बसली की काय सांगू. “दोन वर्षं झाली. पोरानंच काढलाय. माझं नाव लिहिलंय त्यात, बाईंनी वाचून दाखवलंय. सरबत घेतलंत का?”

 मेहुणा खोकला. बाईंनी कपाळाला हात लावला. वाणी हळूच जिन्याकडे सरकला. मला तर वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, पण वरचा मजला होता, खालच्या बिऱ्हाडात पडलो असतो.

मी बोलायला तोंड उघडलं तर साहेबांनी हातानं थांबवलं. मग मेहुण्यानं सगळं सांगितलं, पाण्याच्या माठापासून. मी बायकोचं नाव घ्यायला लाजलो, यानं माहेरचं सांगितलं, सासूचंही तेच, लग्नात बदललं. साहेब ऐकत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. हसू दाबत होते हे मला दिसत होतं. नोकरीचा माणूस, हसायची सोय नव्हती. शेवटी ते आईकडे वळले आणि फार नीट, सावकाश समजावून सांगितलं की या विम्यात कामगाराची बायको आणि मुलं बसतात, आई-वडील बसत नाहीत. ज्या नावाचा विमा आहे ती बाई तुमची सून असेल तर तिचा खर्च मिळेल. ती तुम्ही असाल तर कुणाचाच मिळणार नाही, तुमचाही नाही.

आईनं हातातली प्रसादाची पुडी खाली ठेवली.

“म्हणजे माझा विमा नाहीच?”

“नाही, आजी.”

“दोन वर्षं मी उगाच बिनघोर खोकले म्हणायची.”

साहेब हसले. आता त्यांना राहवलंच नाही. सगळी खोली हसली, जिन्यातला वाणी हसला, बायको हसली आणि तिला अशी धाप लागली की पोर रडायला लागली. हसणं तिथल्या तिथे थांबलं. आईनं उठून सुनेच्या पाठीवरून हात फिरवला, ती श्वास घेऊ शकेपर्यंत फिरवत राहिली, आणि पाठ चोळता चोळताच साहेबांना म्हणाली, “लिहा. ते नाव तिचं आहे. जन्मापासून तिचंच आहे. या घरात आल्यावर मी ते तिच्याकडून काढून घेतलं. मला काही झालेलं नाही, माझं काही लिहू नका.”

साहेबांनी लिहिलं. मग एकच प्रश्न राहिला, म्हणाले. हा आजार विमा काढण्याआधी होता का? आधीपासूनच्या आजाराचा खर्च मिळत नाही. चाळीनं एका सुरात नाही म्हटलं. बायको म्हणाली, “लहानपणी माझे गुडघे सुजायचे. ताप यायचा.”

झालं. एवढं सगळं होऊन आता हिनं पाण्यात घातलं. मी तिला खुणावत होतो, बाई खुणावत होत्या, पण ती साहेबांकडेच बघत होती. साहेबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, हृदयाचं काही आहे असं कुठल्या डॉक्टरांनी पूर्वी कधी सांगितलं होतं? औषध चालू होतं? ती म्हणाली, नाही, आत्ता मुंबईला कळलं पहिल्यांदा. “मग ते विचारतोय मी,” साहेब म्हणाले. “गुडघे सगळ्यांचेच सुजतात. आजार कधी कळला आणि कधी उपचार झाले, ते बघतात. खरं सांगितलंत ते बरं झालं. लपवलं असतंत आणि डॉक्टरांच्या कागदात निघालं असतं, तर मी काही करू शकलो नसतो.” त्या दिवशी मला विमा जेवढा कळला तेवढा काकांनी दोन वर्षं सांगूनही कळला नव्हता.

मग कोर्टात जाऊन कागद करून घेतला की ही दोन्ही नावं एकाच बाईची. बायकोनं ट्रंकेच्या तळाशी लग्नपत्रिका जपून ठेवली होती, तिच्यावर माहेरचं नाव होतं, ती जोडली. आईनं साक्षीदार म्हणून अंगठा दिला. शाई पदराला पुसली आणि डाग दाखवत चाळभर फिरली. फक्त साहेबांनी एक बजावलं. कंपनीकडे नाव पुढच्या वर्षीच बदलेल, तोवर दवाखान्यात भरती करताना विम्यातलंच नाव द्या, नाहीतर पुन्हा घोळ होईल. भरतीच्या खिडकीवर मला तिचं नाव विचारलं गेलं. मी सांगितलं, चांगलं मोठ्यानं. आईचं नाव घेतल्यासारखं वाटलं, त्यामुळे सोपं गेलं.

ऑपरेशनला आमची अर्धी शिफ्ट आली होती. शेठनं टेम्पो दिला होता. दवाखान्याच्या त्या लांबलचक खोलीत खानदेशी, गुजराती, हिंदी असा गलका. डबे उघडले, चटण्या फिरल्या, नंदुरबारवाल्यानं बाकड्यावर आडवं होऊन झोपून दाखवलं आणि म्हणाला, आता खरी भरती झाली. शिपाई येऊन दोनदा ओरडून गेला. मी त्या गर्दीत हसत होतो आणि घडीघडी आतल्या दाराकडे बघत होतो. ऑपरेशन झालं. डॉक्टर येऊन झडप मोकळी झाली म्हणून सांगून गेले, पण तिला भेटता येईना. बरेचसे टेम्पोनं परत गेले. मी, आई आणि मेहुणा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतलं दार अर्धं उघडून वॉर्डबॉयनं एक नाव पुकारलं आणि विचारलं, इनके घरवाले कौन हैं? कुणी उठेना. त्यानं पुन्हा पुकारलं. मला वाटलं, काय माणसं असतात, बाई आत पडलीय आणि बाहेर हिचं म्हणणारं कुणी नाही. मनापासून वाईट वाटलं मला तिचं. तेवढ्यात बाकड्यावर डुलकी घेणारी आई “ओ” म्हणत उठून उभी राहिली.

“आप नहीं, माजी. पेशंट का नाम है.”

मेहुणा माझ्या आधी उठला होता. मग मला कळलं, ते नाव माझ्याच बायकोचं. वॉर्डबॉय सांगत होता की ऑपरेशन चांगलं झालंय, श्वासाची नळीही काढलीय, पण सिस्टर केव्हाच्या नावानं हाका मारतायत आणि ती डोळे उघडत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, घरचं एक माणूस आत घ्या. मी दाराकडे धावलो. आईनं माझं कोपर धरलं.

“तू थांब. त्यांना काय माहीत. ती त्या नावाला ओ द्यायची नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मीच तिला बजावलंय, या घरात त्या नावानं कुणी हाक मारली तर ती मला, तू गप्प राहायचं. इतक्या वर्षांत एकदाही चुकली नाही ती.”

आणि चप्पल दाराशी काढून आई आत गेली. दाराला गोल काच होती, मी तिला नाक लावून उभा राहिलो. मेहुणा माझ्या खांद्यावरून बघत होता. नळ्या, बाटल्या, आणि मधे ती उताणी, सपाट निजलेली. आई वाकली. स्वतःचं नाव घेऊन तिला हाक मारली, एकदा, मग पुन्हा. मग तिच्या कपाळावर हात ठेवून काय म्हणाली ते मला सिस्टरनं नंतर सांगितलं.

“ओ दे वं माय. तुलाच हाक मारतेय.”

बायकोनं डोळे उघडले आणि ओ दिली.